शेतकऱ्याचं सगळं उघडं, कार्यालयाचं मात्र झाकलेलं

लातूर / नांदेड : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मांजरा, मन्याड काठची सोयाबीन पाण्याखाली गेली. नंतर मदतीचे पैसे यायला लागले तेव्हा गावागावात दोन रांगा दिसल्या. ज्यांनी फार्मर आयडी काढला होता त्यांना ई-केवायसीची गरज पडली नाही. ज्यांनी काढला नव्हता, ज्यांची जमीन सामाईक होती किंवा सातबारा अजून वारलेल्या बापाच्या नावावर होता, ते व्हीके नंबर शोधत सेवा केंद्रावर अंगठा द्यायला उभे राहिले. म्हणजे आयडीचा फायदा खरा आहे, तो नाकारून चालत नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो बंधनकारकच आहे.

पण त्या एका नंबरात काय काय बांधलं गेलंय, हे कुणी सांगितलं? आधार, मोबाईल, गट नंबर, क्षेत्र आणि त्याला जोडून हंगामात नोंदवलेलं पीक. शेतकऱ्याच्या संमतीनंच माहिती वापरली जाते, असं सरकार म्हणतं. केंद्रावर ती संमती कशी होते ते सगळ्यांनी पाहिलंय. स्क्रीनचं तोंड ऑपरेटरकडं, "काका, ओटीपी सांगा" म्हणतो, काका सांगतात, आणि बरोबरची खूण तोच करतो. कशाला हो म्हटलं ते काकाला माहीत नसतं.

"आपल्याकडं लपवायला हाय तरी काय?" हा पारावरचा ठरलेला सवाल. लपवायला आहे, आणि ते भावाशी जोडलेलं आहे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. ज्याला थांबता येतं तो थांबतो. कुणाचं किती पोतं झालं, बँकेचा हप्ता कधी आहे, घरात लग्न आहे का, एवढं समोरच्याला आधी कळलं तर तो किती दिवस थांबू शकतो हेही कळलं. मग भाव कोण ठरवणार? शहरातला माणूस प्रायव्हसी म्हणतो ते शेतकऱ्याच्या दारात असं येतं.

कुणी म्हणेल, सातबारा तर आधीच महाभूलेखवर उघडा आहे, बँकेचा बोजासुद्धा इतर हक्कात दिसतो. खरं आहे, आणि तो उघडाच राहावा. एक रुपयातल्या पीक विम्यात दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर बोगस अर्ज भरले गेले. उघड्या नोंदींचा गैरवापर झाला, पण नोंदी उघड्या म्हणूनच तो पकडताही येतो. मात्र एकेक गट शोधून बघणं वेगळं, आणि लाखो शेतकऱ्यांची जमीन, पीक, मोबाईल नंबर एकाच जागी गोळा असणं वेगळं. पहिल्यात चोर एक घर फोडतो, दुसऱ्यात गोदामच.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यातही नागरिकाला हक्क देणारी बहुतेक कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. अनुदान आणि लाभ देण्यासाठी सरकारला काही अटींवर नव्यानं संमती न घेताही माहिती वापरता येते.

याच कायद्यातला एक बदल मात्र लगेच लागू झाला, तो माहिती अधिकारातला. आधी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, जनहित मोठं आहे का, हे बघावं लागे. आता कलम ८(१)(ञ) मध्ये 'व्यक्तिगत माहिती' एवढंच कारण पुरतं. जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या माहिती आयोगाच्या खंडपीठापर्यंत किती जण जातील? रोजगार हमीच्या मस्टरवरचे मेलेले मजूर, घरकुलातली डबल नावं, हे सगळं गावानं याद्या मागूनच बाहेर काढलेलं आहे. उद्या ग्रामसेवक म्हणाला की ही व्यक्तिगत माहिती आहे, तर झालं. संरक्षण मिळायला २०२७ उजाडणार आणि झाकण आजच बसलं, हा हिशेब पटण्यासारखा नाही.

सरकारी ॲपचंही तसंच. ॲप ज्या सूचनांवर चालतं त्याला कोड म्हणतात. तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवला की ते ओपन सोर्स. विहिरीचं अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावल्यासारखं समजा. कोड खुला म्हणजे शेतकऱ्याची माहिती खुली असं नव्हे. आपल्या हातातल्या ॲन्ड्रॉइड फोनचा गाभा असलेलं लिनक्स असंच खुलं आहे. कोरोनात आरोग्य सेतूवर ओरड झाली, तेव्हा केंद्र सरकारनं २६ मे २०२० ला त्याच्या ॲन्ड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला होता. म्हणजे मनात आणलं तर जमतं. ई-पीक पाहणीचा कोड तसाच समोर असेल तर फोटो अपलोड का होत नाही आणि लोकेशन कुठं जातं, हे विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं आपलंच पोरगं वाचून सांगेल. तलाठ्याला शिव्या देण्यापेक्षा ते बरं.

तोवर प्रत्येकाच्या हातात आहे ते एवढं. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा 'चलन' नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका, मग ती घरच्या नंबरवरून आलेली का असेना. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. आधारचा फोटो ऑपरेटरच्या मोबाईलवर पाठवला तर तो तिथंच राहतो. पाठवणं भागच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून घ्या. अंगठ्याला एमआधार ॲपमधून कुलूप लावता येतं. फक्त रेशनला जाताना ते आधी उघडायचं, नाहीतर मशीन अंगठा घेणार नाही आणि मागची रांग बोंब मारील.