फिरत्या यादीतील अक्षर

हल्ली शेतीचे बहुतेक अर्ज मोबाइलवर भरावे लागतात, हे वाचकांस विदितच आहे. अशाच एका ॲपात गट क्रमांक निवडण्यास चाकासारखी फिरती यादी येते. ती अंगठ्याने सरकवावी. मधल्या ओळीत थांबेल तो आकडा आपला. परंतु अक्षर इतके बारीक, की भर उन्हात बांधावर उभे राहून १ व ९ यांतील भेद कळावा कसा? गेल्या हंगामात आमच्याच हातून ९१ च्या जागी ९९ निवडला गेला. वेळीच ध्यानात आले म्हणून निभावले; अन्यथा अर्ज सातबाऱ्याशी जुळता ना.

‘यंत्राची घडणच तशी’ हे उत्तर आम्हांस मान्य नाही. आयफोनच्या अशा यादीत प्रत्येक ओळीचा टंक व आकार ॲप रचणाऱ्यास ठरविता येतो. मात्र ओळीची उंचीही वाढवावी लागते. नाहीतर वेलांट्या व उकार छाटले जातात. अँड्रॉइडच्या आकडे निवडण्याच्या चाकासही २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून अक्षराचा आकार ठरविण्याची सोय आहे. उणीव आहे ती आस्थेची.

सबब आमची सूचना अशी की, आकडे ठळक असावेत, ओळी मोकळ्या असाव्यात, आणि निवड पक्की होण्यापूर्वी ती मोठ्या अक्षरांत पुन्हा दाखवावी. संघाने तसा ठराव करून संबंधितांकडे धाडावा. दप्तरात आम्ही आकडा ठळक काढण्याचा दंडक पाळला. कागद गेला, तरी तो दंडक जाऊ नये.