मातीचा कागद काय सांगत नाही

भूमकडची गायरानावरची वस्ती असो की जंगलातला पाडा, माती खराब झाली अशी तक्रार केली की उत्तर येतं, "मृदा आरोग्य पत्रिका बघा." साथींनो, तो कागद नीट वाचा. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत १२ गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू वगैरे. त्यातून पिकाचं कळतं. शिसं, आर्सेनिक, फवारणीच्या औषधाचा अंश त्यात तपासतच नाहीत. शोधलंच नाही ते सापडणार कसं?

शिवाय विष शेतभर सारखं पसरत नाही. मोठ्या माणसाला न बाधणारी माती, धुळीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या लेकराला बाधू शकते. म्हणून धोका नेमका किती, हे शास्त्रज्ञालाही छातीठोक सांगता येत नाही. आम्हीही सांगत नाही.

पण "सिद्ध झालं नाही" म्हणजे "धोका नाही" असं नव्हे. भोपाळला १९८४ साली वायुगळती झाली. कारखान्यात पडलेला ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ उजाडलं. तपासण्यांचे निकाल एकमेकांशी जुळेनात, आणि तोवर भोवतालच्या वस्त्या दूषित पाणी पीत राहिल्या.

शंकेचं ओझं गरिबानंच का वाहायचं? ग्रामसभेत ठराव घ्या : नमुने आमच्यासमोर, आम्ही दाखवू त्या जागांवरून घ्या. विहिरीचं पाणीही तपासा. काय तपासलं, काय नाही, ते मराठीत लिहून द्या. निकाल येईस्तोवर चांगल्या पाण्याची सोय करा. आणि माती खराब निघाली तर ती साफ करून द्या. त्या नावाखाली आम्हाला जमिनीवरून उठवू नका.