सेवेला सुट्टी नसते म्हणे!

परवा एका व्याख्यानमालेत एका निवृत्त अधिकाऱ्यांनी सरकारी योजनांचा खरपूस समाचार घेतला. घरच्या आजारी किंवा अपंग माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना वर्षातून काही दिवस मोकळीक मिळावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा, ही मागणी त्यांना विशेष झोंबलेली दिसली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आईबापाची, लेकराची सेवा हे कर्तव्य आहे आणि कर्तव्याला रजा नसते, रुग्णासाठीचा पैसा रुग्णावरच खर्च व्हावा, आणि लोकांना सहलीला पाठवणं हे सरकारचं काम नव्हे. मध्येच त्यांनी ‘आमच्या आईने कधी सुट्टी मागितली का?’ असंही विचारलं. टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत पुरुष जास्त होते, हे आपलं जाता जाता.

त्यांच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला सोडवत नाही. सरकारने कुणाच्या सहलीचा खर्च करू नये, हे वाक्य उच्चारणाऱ्या गृहस्थांच्या उभ्या नोकरीत एलटीसी नावाची सवलत होती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या गटात दोनदा कुटुंबासह प्रवासभाडं मिळतं. दोन्ही वेळा मूळ गावी जावं, किंवा एकदा मूळ गावी आणि एकदा देशात कुठेही. जोडीला दहा दिवसांची अर्जित रजा रोखीत बदलून घेता येते. एरवी विमानप्रवासाचा हक्क नसलेल्यालाही अंदमान, काश्मीर किंवा ईशान्य भारतात विमानाने जाण्याची खास मुभा दिलेली आहे. खासगी नोकरदारही अगदीच कोरडा राहत नाही. जुन्या करप्रणालीत त्याच्या प्रवासभत्त्यावर प्राप्तिकराची सूट आहे, म्हणजे तिथेही भार तिजोरीवरच. 2020 साली करोनाने सगळे घरात बसले, तेव्हा तर कमाल झाली. ऑक्टोबरमध्ये सरकारने सांगितलं की प्रवास न करताच सवलत घ्या, मात्र 12 टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटी लागणाऱ्या वस्तू विकत घ्या. सहल नाही, पण सहलीचे पैसे आहेत! त्या वेळी कर्तव्य आणि करदाते यांच्यावर कुणी व्याख्यान दिल्याचं ऐकिवात नाही. आमच्या वक्त्यांनीही त्या संध्याकाळी अंदमानच्या दोन आठवणी रंगवून सांगितल्याच.

एलटीसीला माझा विरोध नाही. माणसाने काम केलं की त्याला विसावा हवा, हे सरकारने मान्य केलंय ते बरंच आहे. पण फायली हलवणाऱ्याला विसावा हवा आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणाऱ्या, नाकातल्या नळीतून पेज देणाऱ्या, रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेला नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

बरं, राज्य सरकारही सहली काढतंच. 2024 साली महाराष्ट्रात मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. साठीपुढच्यांना तीर्थयात्रेसाठी माणशी 30 हजार रुपयांपर्यंतचा खर्च, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सोबत एक सहायक नेण्याची सोय. म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याला सरकारी खर्चाने घराबाहेर पडता येतं. तिथेही औषधांची पिशवी आणि व्हीलचेअर त्यानेच सांभाळायची, एवढीच अट!

हा वादही काही आजचा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुट्टी 1890 साली मिळाली, तीही अर्ज, सभा आणि सह्यांच्या मोहिमा झाल्यानंतर. रविवार हा खंडोबाचा वार, असं सांगून ती मागावी लागली होती. नुसती विश्रांती मागून भागत नव्हतं, देवाची साक्ष काढावी लागे. घरातल्या सेवेकरणीच्या बाजूने अजून कुठला देव उभा राहिलेला नाही.

कर्तव्याला रजा नसते म्हणतात, तर सीमेवरच्या जवानाला वार्षिक रजा का असते?

आईने सुट्टी मागितली नाही, कारण मागायची कुणाकडे?

राहिला रुग्णाच्या पैशाचा मुद्दा. शुश्रूषा करणारी व्यक्ती आठवडाभर गेली, तर त्या आठवड्यात रुग्णाला पाहणार कोण? ब्युरोची मावशी, किंवा थोड्या दिवसांसाठी ठेवून घेणारं केंद्र. म्हणजे पैसा रुग्णावरच खर्च होतो. तिकिटाचे पैसे कुणी मागितलेले नाहीत. 2024 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरच्यांची, त्यात मुलंही आली, काळजी घेताना आढळल्या, रोज सुमारे 140 मिनिटं, पुरुष 21.4 टक्के आणि 74 मिनिटं. टाळ्यांचा हिशेब इथे लागतो.

मग करावं काय? जर्मनीत काळजी विम्याच्या कायद्यात घरचा शुश्रूषक सुट्टीवर गेला किंवा आजारी पडला तर बदली माणसाचा खर्च देण्याची तरतूद आहे. जुलै 2025 पासून बदली माणूस आणि तात्पुरता निवास मिळून वर्षाला 3,539 युरोंपर्यंत मिळतात. बदली माणूस आठ आठवड्यांपर्यंत ठेवता येतो आणि त्या काळात रुग्णाचा नेहमीचा काळजीभत्ताही निम्मा चालू राहतो. आपल्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘समर्थ’ ही तात्पुरत्या निवासाची योजना आहे. पण तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. अर्धांगवायू झालेले सासरे किंवा स्मृतिभ्रंश झालेली आई त्यात बसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. तो भत्ता आणि ‘समर्थ’सारखी सोय वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या सगळ्या रुग्णांपर्यंत न्या, वर्षातले पंधरा दिवस बदली माणसाचा खर्च द्या. सुरुवातीला एवढं पुरे.

पुढच्या अर्थसंकल्पाआधी वाचकांनी आपल्या आमदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: आपल्या तालुक्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पंधरा दिवस ठेवून घेणारी एक तरी खाट सरकारी खर्चाने मिळते का? उत्तर लेखी मागा.