दंडाची पाटी

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, तेव्हा त्यावर कागदाच्या चिठ्ठ्या लावायला विसरत नाहीत. ‘बालेकिल्ला’, ‘विहीर’, ‘चोरदरवाजा’! पाहायला आलेल्या शेजारच्या आजीलाही सारे समजावे, एवढीच त्यांची इच्छा. ‘हात लावल्यास शिक्षा होईल’ एवढीच चिठ्ठी लावलेला किल्ला मी अजून पाहिलेला नाही. ती अक्कल आम्हां मोठ्यांची!

हे सुचायला कारण घडले. आमच्या किन्हीराजाहून शाळेची सहल अलिबागेस नेली होती. वाशीम जिल्ह्यातली ही पोरे. समुद्र त्यांनी चित्रातच पाहिलेला. पाण्यात मनसोक्त डुंबून झाल्यावर आम्ही एका जुन्या वास्तूपाशी आलो. तिथे फलक होता. सातवीतल्या एकाने तो मोठ्याने वाचला आणि मला विचारले, “गुर्जी, दंड किती ते समजलं, पण इथं झालं काय व्हतं?”

फलकावर नुसता कायदा होता. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूळ कायदा १९५८ चा. ही वाढीव शिक्षा २०१० च्या दुरुस्तीने आली. शिक्षा हवीच, याबद्दल माझी तक्रार नाही. बाणाने विंधलेल्या बदामात आपली नावे कोरणारे महाभाग मीही पाहिले आहेत. पण ज्याची थोरवी सांगितलीच नाही, त्याचा आदर धाकाने कसा उपजावा?

आणि सांगण्यासारखे तिथे काय थोडे आहे? समोर भर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला पायी जाता येते, भरतीला होडी लागते. चोहोंकडे खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याची सोय! १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन दर्यावर्दी सत्ता एकत्र होऊन या किल्ल्यावर चालून आल्या आणि हात हलवीत परत गेल्या. त्यांना परतवणारे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांची समाधी याच गावात आहे. अशा गावाचे नाव मुंबईकर वेडगळ माणसाची थट्टा करायला वापरतात! ती थट्टा बंद करा म्हणून एका गावकऱ्याने उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. २०१९ साली अर्ज फेटाळला गेला. न्यायालयाने तरी काय करावे? गावाची ओळख गावाने सांगायची असते.

“अहो मास्तर, लोक वाचतच नाहीत,” असे एक सद्गृहस्थ मला म्हणाले. खोटे! तीच माणसे खाणावळीच्या दारातला दरफलक सुरमईपासून सोलकढीपर्यंत वाचतात. आपल्या कामाचे वाटले की माणूस वाचतो. आणि वाचीत नाहीत म्हणावे, तर ‘अमक्यांच्या शुभहस्ते’ची संगमरवरी पाटी कुणासाठी बसवतात?

अलिबागेजवळच आक्षी नावाचे गाव आहे. तिथल्या शिलालेखाची मिती डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, अशी वाचली. या आकड्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तुळपुळ्यांचे वाचन मान्य केले तर मराठीचा तो अगदी आरंभीचा लेख ठरतो. राजा कोण, त्याचा प्रधान कोण, कोणत्या देवीसाठी किती धान्य नेमून दिले, हे सारे त्या मोजक्या ओळींत आहे. एका पाटीने याहून अधिक काय करावे? असा हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर आम्ही पेढे वाटले; पण आक्षीचा दगड पाहिलेले पेढेवाले किती?

मीही त्यांतलाच. आमची गाडी आक्षीच्या इतक्या जवळ जाऊन परत फिरली आणि मी पोरांना तो दगड दाखवला नाही, कारण तो तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, ही सबब मी पुढे करणार नाही. आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. हे तरी मी माझ्या पोरांना कितीदा सांगितले होते?

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक जुन्या जागेपाशी सातवीच्या मुलाला कळेल अशा मराठीत चार ओळी लिहा : काय घडले, कुणी केले, केव्हा, आणि हे आपल्याला कशावरून कळले. जिथे वाद आहे तिथे वाद आहे म्हणून लिहा. मजकूर गावातल्या मास्तरांना आणि कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा, मग रंगवा. त्याखाली दंड खुशाल लिहा. उद्घाटकांचे नाव मात्र नको.

वाचकहो, फराळ आटोपून तुमच्यापैकी बरेच जण समुद्रावर जातील. पाटी दिसली की त्या पोराचा प्रश्न मोठ्याने विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. त्या पोराला मी अजून उत्तराचा देणेकरी आहे.