पेपर छापायला पैसे आम्हीच का मोजायचे?



वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा भागातली आपली मुलं-मुली पीएच.डी. करतात, तासिका तत्त्वावर शिकवतात आणि शोधनिबंध लिहून झाला की पहिला प्रश्न विचारतात : फी किती? व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात येते, आठ दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र, खाली क्यूआर कोड. निबंधात काय लिहिलंय हे कुणी विचारतच नाही. आम्ही याला ज्ञानप्रसार म्हणत नाही. हा टोलनाका आहे.

प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने 2022 मध्ये काढली, हे खरं. पण 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना एका शोधनिबंधाला 2 गुण आहेत. ज्याच्या घरात पगार आहे तो फी भरून गुण घेतो. ज्याचे आईबाप दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगतात तो मागे राहतो, आणि वर त्यालाच मेरिट नाही म्हणून हिणवलं जातं! शिवाय विकत घेतलेला कागद टिकेल याची हमी नाही. 2018 मध्येच यूजीसीने 4305 नियतकालिकं आपल्या मान्य यादीतून काढून टाकली. त्यात छापलेल्यांची फी कुणी परत केली?

संशोधन सर्वांना फुकट वाचता यावं, या तत्त्वाच्या आम्ही पूर्ण बाजूने आहोत. मात्र वाचकापुढची भिंत पाडून तिच्या विटा लेखकापुढे रचल्या जात आहेत. 'नेचर'ने मुक्त प्रकाशनासाठी 9500 युरो दर जाहीर केला होता. गरीब देशांना मोठे प्रकाशक माफी देतात, त्या यादीत भारत सहसा नसतो. मानोऱ्याच्या संशोधकाला ते दिल्ली-मुंबईच्या हिशेबानेच मोजतात. इकडे केंद्र सरकार 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांत 6000 कोटी रुपये देतं. म्हणजे पैसा आहे, तो कुठे वळवायचा एवढाच प्रश्न आहे.

नियतकालिक चालवायला खर्च येतो, असं आम्हाला सांगितलं जातं. ते बाबासाहेबांच्या अनुयायांना सांगायची गरज नाही. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आजचे दुकानदार पैसे मिळाले की काहीही छापतात. पुढे 'बहिष्कृत भारत' आर्थिक ओढाताणीत 1929 मध्ये बंद पडला. पण त्याचा भार बाबासाहेबांनी वाचकांपुढे, समाजापुढे मांडला. लिहिणाऱ्याच्या खिशात हात घातला नाही.

आजही हे जमतं. अमेरिकेतल्या ब्रँडाइज विद्यापीठातून 2020 पासून निघणारं 'कास्ट' हे नियतकालिक वाचायला फुकट आहे आणि लेखकाकडूनही फी घेत नाही, कारण मागे संस्था उभी आहे. मुंबईचं 'ईपीडब्ल्यू' वर्गणीवर चालतं, लेखकाला बिल पाठवत नाही. मग पुण्याची बार्टी आणि आपलं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ मिळून तज्ज्ञांकडून तपासलेलं, विनाशुल्क, मराठीतही छापणारं एक नियतकालिक का काढू शकत नाहीत? ही मागणी घेऊन जिल्ह्यातल्या संशोधकांनी एकत्र निवेदन द्यावं.

आणि आपल्या कर्मचारी संघटनांनाही विचारू : 14 एप्रिलच्या एका डीजेच्या पैशात नियतकालिकाचे किती अंक निघतील, याचा हिशेब जयंती मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडायचा का?