ट्रान्समला वाली कोण?

31 जुलैला मासेमारीबंदी संपली, की आपल्या वर्कशॉपांत खडपावर आपटलेल्या होड्या येऊ लागतात. ऑगस्टचा समुद्र अजून निवळलेला नसतो, पाणी गढूळ असतं आणि उधाणाच्या ओहोटीला एरवी पाण्याखाली राहणारं खडप तळाला लागण्याइतकं वर येतं. मालवणच्या बंदरात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, तांडेलाला एकेक खडक पाठ असतो. तरीही एखादी होडी घासतेच.

त्यानंतरचा शिरस्ता आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. होडी फायबरवाल्याकडे, इंजिन मेकॅनिककडे. दोघंही आपापलं काम मन लावून करतात. पण इंजिन ज्या फळीला अडकवलेलं असतं, त्या ट्रान्समकडे कुणीच बघत नाही. फायबरवाल्याला ती इंजिनाची बाब वाटते, मेकॅनिकला होडीची.

धडक पाण्याखाली पंख्याला किंवा स्केगला बसते. इंजिनाचा पाय मागे उसळतो आणि त्या लांब दांड्याचा सगळा जोर क्लॅम्पच्या बोल्टांवर येतो. बोल्टांच्या भोकांतलं सीलंट सुटतं. पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरतं आणि वरचं फायबर चकचकीत असतानाच आतलं लाकूड कुजू लागतं. ओळखायचं कसं? इंजिन होडीवरच असताना त्याचा पाय धरून वर-खाली हलवा आणि फळी लवते का ते पाहा. आतल्या कोपऱ्यांत, जिथे ट्रान्सम बाजूंना मिळतो, तिथे केसासारख्या चिरा शोधा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज जिथे बद्द होतो तिथे थांबा. मग खालचा एक बोल्ट काढा. भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, किंवा आतून बारीक ड्रिल मारल्यावर ओला काळपट भुसा आला, तर ती फळी उघडावीच लागेल. इंजिन आधीच उतरवून नेलं, तर यातली पहिली चाचणी करताच येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे: इंजिन सुटण्याआधी फायबरवाला आणि मेकॅनिक दोघांनी एकदा होडीपाशी एकत्र उभं राहावं.

तळाचं काम आपल्याला नवं नाही, पण घाईत तिथेही तडजोड होते. भोक तळहाताएवढं दिसलं, तरी आतले थर त्याच्या कितीतरी पलीकडे सुटलेले असतात. पक्का थर लागेपर्यंत ग्रायंडर चालवायचा आणि उतार जाडीच्या बारापट ठेवायचा. 6 मिलिमीटरच्या तळाला चहूबाजूंनी 72 मिलिमीटर. मॅट लावण्याआधी खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि तळ खरोखर वाळू द्या. श्रावणाच्या दमट हवेत याला पंखे, हॅलोजन आणि दिवस लागतात. मालक रोज येऊन उभा राहतो, त्याचे खलाशी बसून असतात, हे मला समजतं. पण ओल्या थरावर बसवलेलं ठिगळ भर समुद्रात सुटतं, आणि तेव्हा होडीत माणसं असतात. आधी कुणी एपॉक्सी पुट्टी भरली असेल, तर ती पूर्ण खरवडा. तिच्यावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही.

इंजिनाच्या बाबतीत एकच सांगतो. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ निघालं, की सील बदलून मोकळं होण्याची सवय आहे. खडकावर आपटलेल्या इंजिनात सील बहुधा शाफ्ट वाकल्यामुळे गेलेला असतो. शाफ्ट तसाच ठेवला, तर नवा सीलही थोड्याच दिवसांत खाल्ला जातो. पंखा काढा, डायल गेज लावून शाफ्ट फिरवा, वाकलेला असेल तर बदला. हातोडीने सरळ करू नका. जोडणीनंतर गिअरबॉक्समध्ये सुमारे 10 पीएसआय हवा भरून ती टिकते का हे पाहिल्याशिवाय तेल भरू नका.

हे सगळं दोघांनी मिळून एकाच कागदावर लिहावं: काय तुटलं, काय तपासलं, काय मालकाने नको म्हणून सोडलं. ग्रायंडर लावण्याआधीचे फोटो जोडावेत. विम्याच्या दाव्याला तेच उपयोगी पडतात. या तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि आधी सांगून लावा. फुकट होणारी तपासणी घाईच्या दिवसांत सगळ्यात आधी गळते, आणि ट्रान्सम आजवर असाच सुटत आला आहे.