कैदी सापडतो, प्रवासी हरवतो

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या इंग्रज पूर्वजाचे मूळ गाव शोधणाऱ्या वंशजांना एक चमत्कारिक अनुभव येतो. पूर्वज शिक्षा भोगायला गेलेला असेल, तर त्याचा माग लवकर लागतो. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटिश सरकारने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तिकडे धाडले. कैदी पळाला तर ओळखता यावा म्हणून त्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे गोंदण, धंदा आणि अनेकदा जन्मस्थानही दप्तरात नोंदले जाई. (सांगितलेले गाव खरेच असेल, याची हमी अर्थातच नाही.) युनेस्कोने २००७ मध्ये या दप्तराला जागतिक दस्तऐवजी वारशाचा ('मेमरी ऑफ द वर्ल्ड') मान दिला.

स्वखर्चाने गेलेल्यांबद्दल सरकारला एवढी आस्था नव्हती. ब्रिटिश बंदरांतून निघालेल्या प्रवाशांच्या याद्या सलगपणे उपलब्ध आहेत त्या १८९० पासूनच्याच. त्याआधीच्या माणसासाठी चर्चच्या नोंदवह्या आणि १८३७ पासूनची जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी चाळावी लागते. १८४१ च्या जनगणनेत तर जन्म त्याच परगण्यातला का, एवढेच विचारले होते. गावाची नोंद १८५१ मध्ये आली. त्यातून नाव जॉन स्मिथ असले तर बोलायलाच नको! कैदी पूर्वजाचे नाव ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लपवले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना मात्र त्याच्या दंडावर काय गोंदले होते, हेही आज वाचायला मिळते.